गंगापूर रोडवरचे ‘सेंद्रिय’ चिकन: शेड पाहून आल्यानंतरचा अभिप्राय

नाशिकमधल्या गंगापूर रोडवरच्या एका नव्या मांसविक्रीच्या दुकानातून मी गेले चार महिने चिकन आणि अंडी घेत आहे. दुकानाचे नाव येथे देत नाही, कारण मालकांनी स्वतःहून मला आपली शेड दाखवली आणि त्या मोकळेपणाची परतफेड मला बदनामीने करायची नाही.

दुकान म्हणून तक्रारीला जागा नाही. ओटा स्वच्छ असतो, मांस थंड ठेवलेले असते, वजन चोख असते. दारात पिंजरे नाहीत, आणि एका कोंबडीसमोर दुसरी कापली जात नाही. कत्तलखान्यांसंबंधीच्या 2001 च्या नियमांत प्राण्याची कत्तल इतर प्राण्यांच्या नजरेसमोर करू नये असे म्हटले आहे. रविवारी सकाळी कोणत्याही चौकातले चिकन सेंटर पाहिले तर त्या वाक्याची आठवण कोणाला आहे असे वाटत नाही. त्यामुळे ही गोष्ट मला मोलाची वाटते.

प्रश्न पाकिटाचा आहे. त्यावर ‘सेंद्रिय’, ‘अँटिबायोटिकमुक्त’, ‘हार्मोनमुक्त’ आणि ‘मुक्तपणे वाढवलेले’ असे चार शब्द आहेत, आणि दर साध्या ब्रॉयलरच्या अडीचपट आहे. हे जादा पैसे मी चवीसाठी देत नव्हते. ती कोंबडी जिवंत असताना बरी जगली असेल, एवढ्याच विश्वासासाठी देत होते.

भारतात सेंद्रिय म्हणून अन्न विकायचे असेल तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2017 च्या विनियमांनुसार त्याला सहसा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे किंवा पीजीएस-इंडियाचे (शेतकऱ्यांच्या गटांनी एकमेकांची शेते तपासण्याची पद्धत) प्रमाणन लागते, आणि अशा मालावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह असते. या पाकिटावर हिरवे पान छापलेले आहे; चिन्हही नाही आणि प्रमाणन संस्थेचे नावही नाही. मी विचारले तेव्हा मालक म्हणाले, “ताई, कागदपत्रांचं काम चालू आहे. पण तुम्ही एकदा शेडवर या, डोळ्यांनी बघा.” मी गेले.

शेड गिरणारेच्या पुढे आहे. सुमारे हजार चौरस फुटांत नऊशे पक्षी, खाली भाताचे तूस, दोन्ही बाजूंना जाळी, हवा खेळती. वास फारसा नव्हता, आणि खाद्याच्या गोण्या मला न मागता दाखवण्यात आल्या. मात्र एका पक्ष्याच्या वाट्याला जेमतेम एक चौरस फूट जागा येते, आणि तेवढी तर साधे ब्रॉयलर वाढवणाराही देतो. बाहेर कुंपण घातलेले छोटे अंगण होते, पण त्याचे दार बंद होते. मुंगूस आणि कुत्र्यांची भीती असल्याने ते क्वचितच उघडतात, असे तिथल्या दादांनी सरळ सांगितले. पक्षी नेहमीच्या झपाट्याने वाढणाऱ्या जातीचे होते आणि पंचेचाळिसाव्या दिवसाच्या आत विक्रीला जात होते. त्यातले काही अंगाचा भार न पेलवल्याने बसूनच होते. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

युरोपीय संघाच्या सेंद्रिय नियमांत अशा पक्का निवारा असलेल्या कोंबडीला बाहेर 4 चौरस मीटर जागा द्यावी लागते, आणि जात सावकाश वाढणारी नसेल तर ती 81 दिवसांची होण्याआधी तिला कापता येत नाही. म्हणजे फरक छपराखालच्या जागेत फारसा नाही. तो उघड्या दारात आणि आयुष्याच्या लांबीत आहे. अमेरिकेतही सेंद्रिय कोंबड्यांच्या मोठ्या शेडना जाळीचा व्हरांडा जोडून त्यालाच ‘बाहेरची जागा’ म्हणण्याची पद्धत होती. ती थांबवणारा नियम जानेवारी 2017 मध्ये निघाला, 2018 मध्ये मागे घेतला गेला आणि 2023 मध्ये नव्या रूपात पुन्हा आला. तिथे प्रमाणपत्र होते, तरीही ग्राहकाच्या मनातले चित्र आणि कोंबडीचे जगणे यांत एवढे अंतर राहिले होते. इथे तर प्रमाणपत्रही नाही.

‘हार्मोनमुक्त’ या शब्दाबद्दल एवढेच म्हणेन की ब्रॉयलरच्या वेगाचे कारण निवड पद्धतीने तयार केलेली जात आणि खाद्य हे आहे, हार्मोन नव्हे. त्यामुळे त्या शब्दाने या कोंबडीबद्दल काहीच वेगळे कळत नाही. ‘अँटिबायोटिकमुक्त’ हा दावा मात्र गंभीर आहे. माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेल्या कोलिस्टिन या अँटिबायोटिकच्या पशुपालनातील वापरावर भारतात 2019 मध्ये बंदी आली, ती उगाच नव्हे. मालकांनी औषधांची नोंदवही दाखवली आणि ती मला प्रामाणिक वाटली. पण औषध न देणे आणि नीट जगू देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

अंड्यांची गोष्ट वेगळी निघाली. त्याच आवारात मागे पेरूची बाग आहे आणि तिथे दीडेकशे गावठी कोंबड्या खरोखर मोकळ्या फिरतात, माती उकरतात, धुळीत लोळतात. अंड्याचे कवच तपकिरी आहे किंवा बलक गडद आहे म्हणून मी हे म्हणत नाही, कारण कवचाचा रंग जातीवर आणि बलकाचा रंग खाद्यावर ठरतो. मी त्या कोंबड्या पाहिल्या म्हणून म्हणते.

अंडी मी घेत राहीन, आणि इतरांनीही घ्यावीत. चिकन मी थांबवले आहे. मालकांना मी तसे स्पष्ट सांगितले आणि तीन गोष्टी मागितल्या: अंगणाचे दार दिवसा उघडे ठेवणे, सावकाश वाढणारी जात आणणे आणि पाकिटावर पक्ष्याचे वय छापणे. मुंगसाला अडवणारी बारीक जाळी पावसाळ्याआधी बसवतो, असे त्यांनी कबूल केले आहे. वय छापण्याबद्दल ते अजून काही बोललेले नाहीत.