आठ-बी झोनमधला हापूस

अमेरिकेतल्या माझ्या परसात हापूसची कलमे लावण्याच्या नादात मी ३७९ डॉलर ५० सेंट घालवले आणि त्यातला एक सेंटही परत आलेला नाही. तीन कलमांचे प्रत्येकी ८९ प्रमाणे २६७, पाठवणीचे ३९.५०, ‘थंडीच्या हमी’चे २५ आणि मागाहून गळ्यात मारलेल्या ‘मुळांच्या संरक्षक पावडरी’चे ४८. घरी मात्र मी अजून ‘साधारण दोनशे’ असेच सांगत आलो आहे.

मी अगदीच अजाण नव्हतो. इथल्या कृषी खात्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये झोनचा, म्हणजे हिवाळ्यातल्या नीचांकी तापमानावरून पाडलेल्या लागवडीच्या पट्ट्यांचा (आकडा मोठा तितका पट्टा उबदार; ए आणि बी ही त्याची अर्धी), नवा नकाशा काढला, त्यासाठी १९९१ ते २०२० या काळातील तापमाने धरली आणि देशाचा जवळपास निम्मा भाग अर्ध्या झोनने उबदार ठरला, हे मी वाचलेले होते. माझा झिप कोडही सहा-ए मधून सहा-बी मध्ये सरकला होता. रोपे ऑनलाइन विकणाऱ्या विक्रेत्याने आपल्या पानावर नेमकी हीच खरी बातमी पुढे केली. सरकारी नकाशा जुन्या आकड्यांवर बेतलेला आहे, तुमचा आजचा झोन आमच्या नकाशात पाहा, असे त्याचे म्हणणे होते. मी झिप कोड घातला आणि उत्तर आले: आठ-बी, आंब्यासाठी योग्य.

त्यानंतर जे घडले ते लिहिताना आजही कान तापतात. मी उत्तर मिनेसोटात राहणाऱ्या आतेभावाचा झिप कोड घालून पाहिला. त्याचा झोन तीन, म्हणजे वर्षातले नीचांकी तापमान सरासरीने उणे ३० ते उणे ४० फॅरनहाइट. तिथेही आठ-बीच आले. मी हसलो, त्याला फोन करून ‘तूही लाव’ म्हणालो आणि पैसे भरले. शेजारच्या टॅबमध्ये सरकारी नकाशा उघडा होता आणि त्यात माझ्या घरासाठी उणे ५ ते शून्य फॅरनहाइट असे स्वच्छ लिहिलेले होते. बरे, आठ-बी खरा मानला तरी तिथला नीचांक १५ ते २० फॅरनहाइटचा, आणि आंब्याचे कोवळे झाड एवढ्या थंडीत तगत नाही. झोनचा आकडा पाहून थांबू नका, त्या आकड्यामागचे तापमान वाचा. तेही सरासरी असते. एखाद्या वर्षी पारा त्याच्याही खाली जातो.

खोके सप्टेंबरमध्ये आले. खोडावर कलमाचा सांधाच नव्हता, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत साल एकसारखी होती, म्हणजे ती सरळ कोयीपासून उगवलेली रोपे होती. कोकणात वाढलेल्या माणसाला हे दिसू नये? दिसले होते, पण हमीपत्रावरचा शिक्का पाहून मी गप्प बसलो. जानेवारीत पाने काळी पडून लोंबू लागली; नखाने साल खरवडली तर आत हिरवे काही नव्हते, नुसते तपकिरी.

या धंद्याची मेख वेळेत आहे. रोप शरद ऋतूत विकायचे, ते मरणार हिवाळ्यात. मी बँकेकडे गेलो तेव्हा कार्डावरील व्यवहाराला हरकत घेण्याची ६० दिवसांची मुदत उलटून गेल्याचे मला ऐकवण्यात आले, जणू झाड मरण्याआधीच मी ते मेल्याची तक्रार करायला हवी होती. ग्राहक तक्रारींच्या एका कार्यालयाने ११ पानी अर्ज भरून घेतला आणि नऊ आठवड्यांनी विक्रेता दुसऱ्या राज्यातला असल्याचे कळवले, जे मी पहिल्याच पानावर लिहिले होते. दुसरीकडे मला सांगितले की वैयक्तिक तक्रारी ते सोडवत नाहीत, फक्त नोंदवतात. रोपवाटिकांची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याने रोपांना कीड आहे का, एवढेच विचारले. नाही म्हटल्यावर त्याचा विषय संपला. मेलेल्या झाडाला कीड तरी कशी लागणार? रोपवाटिकेचा परवाना क्रमांक पैसे भरण्याआधी मागा, नंतर तो कोणीही देत नाही.

विक्रेत्याने हमी नाकारताना कारण दिले की मी पावडर दोनदाच घातली.

परवा विक्रेत्याचे ते पान पुन्हा उघडले. आंबा गेला आहे, आता कॉफीची रोपे आहेत. झिप कोडच्या जागी पाच शून्ये घातली, तरी आठ-बीच आले.