जेट लॅगच्या पहिल्या दिवसाचं साहित्य: काही महिन्यांच्या वापरानंतर काय कामी आलं, काय बाजूला पडलं

डोळ्यांवरची पट्टी, गडद गॉगल, नारिंगी काचांचा चष्मा, फोमचे इअरप्लग, १०,००० लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) टेबल-दिवा, मेलाटोनिनच्या गोळ्या आणि जेट लॅगचं वेळापत्रक काढून देणारं मोबाइल अ‍ॅप, एवढ्या सामानाचा हा आढावा आहे. मुंबईहून अमेरिका, युरोप आणि जपान या तिन्ही दिशांच्या प्रवासात हे सगळं वापरलेलं आहे. जेट लॅग म्हणजे लांबच्या विमानप्रवासानंतर शरीराचं घड्याळ तिकडच्या वेळेशी न जुळणं. निकाल आधीच सांगतो. प्रकाश अडवणाऱ्या वस्तू सर्वांत उपयोगी, आणि त्याच सर्वांत स्वस्त. प्रकाश देणारा दिवा फक्त हिवाळ्यात कामाचा. गोळी त्याच्याही नंतर. पण यातली कुठलीही वस्तू चुकीच्या वेळी वापरली तर जेट लॅग वाढतो, म्हणून आधी वेळेचा हिशेब बघू.

हिशेब: पहाटे चार कुठे येतात?

शरीराचं घड्याळ मेंदूत, हायपोथॅलॅमसमधल्या एका छोट्या पेशीपुंजात असतं. डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावर, विशेषतः ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशावर, ते मिळवलं जातं. नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी साधारण अडीच-तीन तास शरीराचं तापमान सर्वांत खाली जातं. सातला उठणाऱ्याचा हा तळ पहाटे चारच्या सुमारास येतो. तळाच्या आधीच्या काही तासांत प्रकाश मिळाला तर घड्याळ मागे सरकतं, म्हणजे झोप आणि जाग उशिरा येते; नंतरच्या काही तासांत मिळाला तर पुढे, म्हणजे दोन्ही लवकर. पहिल्या दिवसाचा सगळा खेळ या एका वेळेभोवती फिरतो.

आता भारतातले पहाटेचे चार तिकडच्या घड्याळात मांडा. उन्हाळ्यात न्यूयॉर्क साडेनऊ तास मागे असतं, म्हणून तिथे तळ येतो संध्याकाळी साडेसहाला. सॅन फ्रान्सिस्कोत दुपारी साडेतीनला. लंडनला रात्री साडेअकराला. टोकियो साडेतीन तास पुढे, म्हणून तिथे सकाळी साडेसातला. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये हिवाळ्यात घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हा यातून एक तास वजा करायचा. जपानमध्ये घड्याळं बदलत नाहीत.

ज्यांना घरी पाचला उठायची सवय आहे, म्हणजे मुलांकडे जाणारे बहुतेक आजी-आजोबा, त्यांचा तळ आणखी दोन तास आधी येतो. न्यूयॉर्कला पोचल्यावर ते साडेचार-पाचलाच सोफ्यावर पेंगतात. त्यांना 'अजून थोडा वेळ जागा' असं नुसतं सांगून उपयोग नाही. त्या वेळी त्यांना घराबाहेर उजेडात फिरवावं लागतं.

अ‍ॅप नेमकं हेच गणित करतं. आपली झोपेची वेळ आणि विमानाची वेळ दिली की उजेड कधी घ्यायचा, कधी टाळायचा, चहा-कॉफी कधी थांबवायची हे सांगतं. गणित चांगलं असतं. अडचण येते ती ग्रुप टूरमध्ये, कारण बस आठला निघणार असते आणि अ‍ॅप म्हणतं साडेनऊपर्यंत अंधारात राहा. त्यामुळे हळूहळू अ‍ॅप मागे पडलं आणि कागदावर लिहिलेली तळाची एक वेळ पुरेशी ठरली. पश्चिमेकडे गेल्यावर ही वेळ रोज साधारण दीड तास उशिरा सरकते, पूर्वेकडे गेल्यावर रोज साधारण एक तास लवकर. तेवढा बदल मनात धरला की पुढचे दिवसही निभावतात.

डोळ्यांवरची पट्टी

विमानात फुकट मिळणारी सपाट पट्टी कामाची नाही. ती पापण्यांवर दाबते आणि नाकाच्या दोन्ही बाजूंनी उजेड आत येतो. डोळ्यांसमोर खोलगट कप असलेली फोमची पट्टी घ्या. घेताना ट्यूबलाइटकडे तोंड करून घाला आणि डोळे उघडे ठेवून खाली बघा. नाकाशी उजेडाची रेघ दिसली तर ती पट्टी नको. मागे वेल्क्रो असेल तर केस अडकतात आणि काही महिन्यांत पकड जाते. सरकती बकल असलेला पट्टा जास्त टिकतो. कुशीवर झोपणाऱ्यांनी कडेला पातळ होत जाणारा फोम बघावा, नाहीतर उशीच्या दाबाने पट्टी सरकते. हाताने, साध्या साबणाने धुवायची, वॉशिंग मशीनमध्ये कप चेपतात.

पट्टीची खरी किंमत जूनमधल्या लंडनमध्ये कळते. सूर्य पावणेपाचच्या आसपास उगवतो आणि हॉटेलचे पडदे बऱ्याचदा पातळ असतात. पश्चिमेकडे आल्यामुळे आपल्याला घड्याळ मागे न्यायचं असतं, पण तळ साडेअकरालाच होऊन गेलेला असतो. म्हणजे पहाटेचा उजेड घड्याळ नेमकं उलट दिशेला, पुन्हा भारताच्या वेळेकडे ओढतो. चारला जाग आली आणि पडदा उघडून बाहेर बघत बसलो, की दुसऱ्या दिवशीही चारलाच जाग येणार. पट्टी सातपर्यंत डोळ्यांवर ठेवायची, झोप लागो न लागो.

गॉगल आणि नारिंगी चष्मा

गॉगलच्या काचांना ० ते ४ अशा श्रेणी असतात. श्रेणी ३ ची काच ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडते आणि आपल्या कामाला ती योग्य आहे. श्रेणी ४ त्याहून गडद असते, पण ती घालून गाडी चालवायची नसते. काचेच्या रंगापेक्षा आकार महत्त्वाचा. कानशिलापर्यंत वळलेली चौकट हवी, कारण सपाट फॅशनच्या गॉगलला कडेने भरपूर उजेड येतो. नंबरचा चष्मा असलेल्यांसाठी चष्म्यावरून घालायचे मोठे गॉगल मिळतात. दिसायला बोजड, पण काम चोख.

नारिंगी काचांचा चष्मा घरातल्या किंवा हॉटेलातल्या संध्याकाळसाठी. तो निळा प्रकाश जवळजवळ पूर्ण अडवतो. रंग बदललेले दिसतात, भाजी शिजली की करपली ते कळत नाही, त्यामुळे स्वयंपाक करताना नको. आपल्याकडे चष्म्याच्या दुकानात मिळणारी पारदर्शक 'ब्लू कट' काच हे काम करत नाही. ती निळ्याचा थोडाच भाग अडवते.

दिवा

१०,००० लक्स हा आकडा खोक्यावर मोठ्या अक्षरांत असतो, तो किती अंतरावर हे बारीक अक्षरांत. काही स्वस्त दिवे १५ सेंटिमीटरवरच तेवढा उजेड देतात, म्हणजे नाक दिव्याला टेकवून बसावं लागतं. ३० सेंटिमीटरवर १०,००० लक्स असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. नाश्ता करताना शेजारी, जरा तिरका ठेवून अर्धा तास पुरतो.

उन्हाळी सहलीला मात्र तो नेऊच नका. घरातला नेहमीचा उजेड १०० ते ५०० लक्स असतो. बाहेर ढगाळ दिवशीही सहज काही हजार लक्स मिळतात, भर उन्हात लाखापर्यंत. सामानात किलोभर वजन वाढवण्यापेक्षा तासभर बागेत बसणं सरस. दिवा लागतो तो डिसेंबरात. न्यूयॉर्कला तेव्हा साडेचारला सूर्य मावळतो आणि तळ साडेपाचला असतो. मधला तास, जो घड्याळ मागे सरकवायला सर्वांत परिणामकारक, तो अंधारात जातो. तिथे दिवा आपली किंमत वसूल करतो. भारतात घेतलेला दिवा नेताना अ‍ॅडॅप्टरवर १००–२४० व्होल्ट लिहिलंय ना ते बघा, अमेरिकेत १२० व्होल्ट असतात. यूएसबीवर चालणारा असेल तर हा प्रश्नच येत नाही. रेटिनाचा आजार किंवा बायपोलर विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा दिवा वापरू नये.

मेलाटोनिन

मेलाटोनिन झोपेच्या गोळीसारखं गुंगी आणत नाही, ते शरीराला 'रात्र झाली' असा निरोप देतं. म्हणून मात्रेपेक्षा वेळ महत्त्वाची. ०.५ ते ५ मिलिग्रॅमपर्यंत घड्याळावरचा परिणाम साधारण सारखाच होतो, ५ मिलिग्रॅमने झोप जरा लवकर लागते, त्यापुढे वाढवून फायदा नाही. हळूहळू विरघळणारी गोळी जेट लॅगला फारशी लागू पडत नाही. साधी घ्या. तिकडच्या रात्री दहाच्या सुमारास, अंथरुणावर जाताना. संध्याकाळी सातला पेंग येतेय म्हणून तेव्हाच घेतली तर रात्री दोनला टक्क जाग येते. आमच्या मते गोळी पूर्वेकडच्या प्रवासात जास्त उपयोगी पडते. टोकियोत रात्री दहाला आपल्या शरीराचे साडेसहाच वाजलेले असतात, तेव्हा मिळालेला 'रात्रीचा निरोप' घड्याळ पुढे ढकलतो.

अमेरिकेत ती औषध म्हणून नव्हे तर पूरक आहार म्हणून विकली जाते, त्यामुळे लेबलवरचा आकडा भरवशाचा नसतो. २०२३ मध्ये २५ मेलाटोनिन गमींची (जेलीसारख्या, चघळून खायच्या गोळ्यांची) तपासणी प्रसिद्ध झाली, त्यात प्रत्यक्ष मात्रा लेबलवरच्या मात्रेच्या ७४ ते ३४७ टक्के निघाली आणि एकीत तर मेलाटोनिन नव्हतंच. गमी टाळा, गोळीच घ्या, आणि डबीवर यूएसपीची (औषधांच्या दर्जाची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेची) तपासणी-खूण बघा. ब्रिटनमध्ये ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. वॉरफरिन, फ्लुवॉक्सामिन किंवा अपस्माराची औषधं चालू असलेल्यांनी स्वतःहून घेऊ नये. प्रवासात पहिल्यांदाच घेण्यापेक्षा घरी एका सुट्टीच्या रात्री घेऊन बघा, काहींना सकाळी डोकं जड वाटतं.

इअरप्लग

बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर ओढायचा, आत सारायचा आणि फुगेपर्यंत २०–३० सेकंद बोटाने धरून ठेवायचा. अर्धवट घातलेला प्लग निम्मा आवाज आत सोडतो आणि मग माणसं प्लगला दोष देतात. काही वेळा वापरल्यावर फोम फुगत नाही, तेव्हा टाकून द्या. सकाळचा गजर ऐकू येणार नाही, म्हणून मनगटी पट्ट्याचं कंपन लावा.

हे सगळं पहिल्या दिवशी कसं वापरायचं: न्यूयॉर्क, उन्हाळा

सकाळी विमानतळावर उतरलात तर हॉटेलची खोली बऱ्याच ठिकाणी दुपारी तीनपर्यंत मिळत नाही. सामान तिथेच ठेवायला देता येतं, ते ठेवून बाहेर पडा. सकाळच्या उन्हाचा घड्याळावर फारसा परिणाम होत नाही, कारण शरीराची तेव्हा संध्याकाळ असते. त्यामुळे सकाळी संग्रहालयात किंवा दुकानात गेलात तरी चालेल. झोप अनावर झाली तर दुपारी एकच्या आत, गजर लावून, वीस-पंचवीस मिनिटं. तासभर झोपलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि पुढे बराच वेळ डोकं सुन्न राहतं.

दुपारी एक ते साडेसहा हा वेळ जपायचा. गॉगल काढून, सेंट्रल पार्कात किंवा नदीकाठी, चालत राहा. चहा घ्यायचा तर याच वेळात आणि दोनच्या आत, थोडा थोडा. कॅफीनचं शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, आणि तिकडचा कॉफीचा मोठा पेला आपल्या कटिंगच्या कित्येक पट असतो. साडेसहाला गॉगल चढवायचा. जूनमध्ये सूर्य साडेआठपर्यंत असतो आणि तोच उजेड आता आपल्याला नकोसा आहे. खोलीत आल्यावर पिवळा टेबललॅम्प आणि नारिंगी चष्मा. साडेनऊ-दहापर्यंत तग धरायचा, त्यासाठी बसण्यापेक्षा उभं राहून करायची कामं ठेवा: बॅगा लावणं, आंघोळ, घरी फोन.

रात्री तीनला जाग येईल आणि भूकही लागेल, कारण भारतात तेव्हा दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. तेव्हा पूर्ण जेवण केलं तर यकृताचं घड्याळ जुन्याच वेळेला चिकटून राहतं. उशाशी केळं किंवा मूठभर चिवडा ठेवा, मोठा दिवा लावू नका, फ्रिज उघडू नका. रात्रीचं जेवण हलकं हवं. मुलांच्या घरी उतरणार असाल तर मऊ भात, तूप आणि मेतकूट यासारखं दुसरं काही नाही.

या दिवशी गाडी चालवू नका. रस्त्याची बाजू उलटी आणि साडेसहाला डोळे मिटायला लागलेले, हे दोन्ही एकत्र धोक्याचं आहे. इन्सुलिन घेणाऱ्यांचा पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, त्यामुळे मात्रांच्या वेळा निघण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या.

जपान आणि परतीचा प्रवास

टोकियोत नेहमीचा सल्ला उलटा पडतो. उन्हाळ्यात तिथे साडेचारला उजाडतं, पण तळ साडेसातला आहे. त्याआधी पडदा उघडला तर घड्याळ चुकीच्या दिशेला जातं. साडेसातपर्यंत पट्टी किंवा गॉगल, नाश्त्याला लवकर जावं लागलं तर खिडकीपासून लांब, आणि आठपासून दोन-तीन तास भरपूर ऊन.

तीन-चार आठवडे अमेरिकेत राहून परत येणाऱ्यांचं सर्वांत जास्त बिनसतं ते 'सकाळी लवकर उठून टेकडीवर फिरायला जा' या सल्ल्याने. न्यूयॉर्कच्या वेळेत मुरलेल्या शरीराचा तळ पुण्यात दुपारी दीडला येतो. सकाळचं ऊन घेतलं की घड्याळ पुढे यायच्या ऐवजी मागे जातं आणि साडेनऊ तासांऐवजी साडेचौदा तासांचा लांबचा फेरा घेतं, म्हणून पंधरवडा झाला तरी रात्री झोप येत नाही. पहिल्या दिवशी दीडपर्यंत घरात, बाहेर पडलात तर गॉगल लावून, आणि दोन ते सूर्यास्त उघड्या डोळ्यांनी गच्चीवर किंवा बागेत. हा तळ रोज तासभर अलीकडे येतो, तसा गॉगल काढायचा वेळही रोज तासभर अलीकडे आणायचा. टेकडी साधारण आठवड्याभराने सुरू करा.