लिनक्ससाठी छोटा, स्वस्त लॅपटॉप: जुना थिंकपॅड, नवा सेलेरॉन की क्रोमबुक?

लहान आणि स्वस्त लॅपटॉपवर लिनक्स चालवायचे ठरवले की तीन पर्याय समोर येतात: कार्यालयीन वापरातून बाहेर पडलेला जुना १२.५ इंची लॅपटॉप, नवा पण बेताच्या क्षमतेचा लॅपटॉप आणि क्रोमबुक, म्हणजे गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप. बहुतेकांचे लक्ष आधी प्रोसेसरच्या नावाकडे जाते. माझ्या मते त्याआधी मेमरी वाढवता येते का आणि डिस्क बदलता येते का, हे पाहावे. कारण लिनक्स स्वतः हलके असले तरी आजचे ब्राउझर हलके नाहीत, आणि ४ जीबी मेमरीत बरेच टॅब उघडले की एक्सएफसीईसारखा साधा डेस्कटॉपही अडखळू लागतो.

या कसोटीवर पहिल्या पर्यायातला लेनोवोचा जुना थिंकपॅड सर्वांत पुढे राहतो. एक्स२३० (२०१२) मध्ये मेमरीचे दोन स्लॉट आहेत आणि त्याचा कीबोर्ड आजही उत्तम वाटतो. मात्र त्याचे बायोस (यंत्र सुरू करणारे अंगभूत सॉफ्टवेअर) ठरावीक वाय-फाय कार्डेच स्वीकारते, त्यामुळे कार्ड बदलण्याचा विचार असेल तर ही अडचण आधीच लक्षात घ्यावी. एक्स२७० (२०१७) मध्ये स्लॉट एकच असला तरी तो डीडीआर४ या अधिक नव्या प्रकारच्या मेमरीचा आहे, आणि आत एक व बाहेर एक अशा दोन बॅटऱ्या असल्यामुळे बाहेरची बॅटरी यंत्र चालू ठेवूनच बदलता येते. त्यानंतरचा एक्स२८० (२०१८) अधिक सडपातळ आणि वेगवान आहे, पण त्याची मेमरी मदरबोर्डवरच जोडलेली असते, म्हणून नंतर वाढवता येत नाही. तो घ्यायचाच असेल तर ८ जीबीपेक्षा कमी मेमरीचा घेऊ नये. तिघांत मी एक्स२७० निवडेन. इंटेलची वाय-फाय कार्डे आणि ग्राफिक्स यांचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच, म्हणजे कर्नलमध्येच असतात, आणि डेबियन या लिनक्स वितरणाच्या १२ व्या आवृत्तीपासून आवश्यक फर्मवेअरही (कार्डांना चालण्यासाठी लागणारे छोटे सॉफ्टवेअर) अधिकृत इन्स्टॉलरमध्येच मिळते, म्हणून अशा यंत्रावर वेगळी खटपट सहसा करावी लागत नाही.

नव्या स्वस्त लॅपटॉपांमध्ये दोन अगदी वेगळे वर्ग आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. सेलेरॉन एन४०२० हा इंटेलचा साधा प्रोसेसर, ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी ईएमएमसी (एसएसडीपेक्षा संथ साठवण) असलेले यंत्र नवेकोरे असूनही पहिल्या दिवसापासून अपुरे पडते. याउलट २०२३ मध्ये आलेला चार कोअरचा इंटेल एन१०० प्रोसेसर अवघ्या ६ वॉटच्या मर्यादेत एक्स२७० मधल्या आय-५ प्रोसेसरच्या तोडीचे काम करतो आणि एव्ही१ या नव्या प्रकारात साठवलेला व्हिडिओ हार्डवेअरवर उलगडतो, जे एक्स२७० ला जमत नाही. ८ जीबी मेमरी आणि एम.२ एसएसडी असलेला एन१०० लॅपटॉप मिळत असेल, तर शांत यंत्र आणि ताजी बॅटरी हवी असणाऱ्याने तोच घ्यावा.

क्रोमबुकचे आकर्षण त्याच्या किमतीत आहे. त्यावर पूर्ण लिनक्स बसवण्यासाठी बहुतेक वेळा यंत्र सुरू करणाऱ्या फर्मवेअरचे लेखन-संरक्षण (त्यात बदल रोखणारे कुलूप) काढून नवे फर्मवेअर घालावे लागते, आणि त्यानंतरही अनेक मॉडेलांत आवाजाची यंत्रणा नीट चालत नाही. बहुतेकांची मेमरी वाढवता येत नाही, कीबोर्डवर सहसा कॅप्स लॉकच्या जागी सर्चची कळ असते. क्रोमओएसमधल्या अंगभूत लिनक्स सुविधेवर भागणार असेल, तरच हा पर्याय मला योग्य वाटतो.

कोणताही लॅपटॉप पक्का करण्यापूर्वी लाइव्ह यूएसबीवरून (काहीही न बसवता लिनक्स चालवून पाहता येणाऱ्या पेन ड्राइव्हवरून) सुरू करून वाय-फाय, आवाज, कॅमेरा आणि मुख्य म्हणजे झाकण मिटल्यावर यंत्र झोपते आणि नीट जागे होते का, हे तपासावे. अलीकडच्या काही लॅपटॉपांत जुनी एस३ निद्रा (मेमरी सोडून जवळजवळ सर्व भाग बंद करणारी) उरलेली नाही आणि झाकण मिटलेले असतानाही बॅटरी उतरत राहते. जुन्या यंत्रात यूपॉवर ही आज्ञा बॅटरीची मूळ आणि सध्याची क्षमता सांगते. सध्याची क्षमता निम्म्यावर आली असेल, तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीत धरावा आणि मगच त्याची एन१०० शी तुलना करावी.