पावसातल्या फुटबॉलला बूट: स्क्रूचे स्टड की मोल्डेड?
जून लागला की गोव्यातल्या मैदानांचा चिखल होतो. पकडीत स्क्रूचे बूट, म्हणजे तळाचे खुंट (स्टड) फिरवून काढता-बसवता येणारे, सरस: पुढे ४, मागे २ लांब स्टड चिखलात खोल रुततात. मोल्डेडच्या, म्हणजे तळासकट एकसंध ओतलेल्या, आखूड, दाट स्टडांत माती बसते, बुटाचा तळ सपाट होतो आणि वळताना पाय निसटतो. पण जांभ्याच्या कडक जमिनीवर स्क्रूचे धातूचे स्टड पायाच्या तळव्याला टोचतात. म्हापशाच्या धुळेर स्टेडियमसारख्या कृत्रिम गवतावर तर नकोच. पाय अडकून गुडघा पिळवटतो.

देखभाल? स्क्रू सामन्याआधी आवळायचे, नंतर आट्यांना ग्रीस, नाहीतर गंजून जाम. झिजलेला स्टड मात्र बदलता येतो. मोल्डेड झिजले की संपले.

एकच जोड परवडत असेल तर मोल्डेड. भर पावसात गवती मैदानावर खेळणारा बचावपटू, गोलरक्षक यांनी स्क्रूचेच घ्यावेत. चेंडू डबक्यात थांबू लागला, तर दोन्ही सारखेच निरुपयोगी.