शेजारचा कुत्रा रात्रभर भुंकतो : पोलीस, दिवाणी दावा की लोकअदालत?

घरात आजारी माणूस किंवा दहावीचं पोर आहे, शेजारच्या बाल्कनीतला कुत्रा रात्री थांबत नाही आणि मालक म्हणतो, "कुत्रा आहे, भुंकणारच." महाराष्ट्रातल्या फ्लॅटधारकाने अशा वेळी कुठे जावं? मी एकच कसोटी लावेन : कोणत्या वाटेने त्या कुत्र्याचा दिनक्रम बदलेल?

सोसायटीत ठराव करून कुत्रा हाकलणं ही वाटच नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमतानेही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. कमिटीला पत्र मात्र जरूर द्या आणि पोच घ्या.

पोलीस सर्वांत जलद. ११२ वर फोन केला की समज देऊन जातात, तेवढी रात्र निभावते. पुढे मात्र हात तोकडे पडतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ (सार्वजनिक उपद्रव) खाली दंड जास्तीत जास्त १,००० रुपये, गुन्हा अदखलपात्र, म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास नाही. शिवाय हा 'सार्वजनिक' उपद्रव असल्याने एकट्या कुटुंबाची तक्रार लंगडी पडते. आजूबाजूच्या चार घरांच्या सह्या हव्यात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. पण मोबाइल ॲपवरच्या आकड्याच्या भरवशावर राहू नका, त्याच्या अचूकतेवर समोरचा वकील लगेच बोट ठेवेल.

दिवाणी दाव्यात तुमचं एकट्याचं घरही पुरतं. कायमच्या मनाईसोबत (म्हणजे त्रास थांबवण्याचा कोर्टाचा आदेश) निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या मनाईचा अर्ज करता येतो आणि खरी लढाई त्या अर्जावरच होते. त्यासाठी भुंकण्याच्या तारीख-वेळेची वही, तुमच्या झोपण्याच्या खोलीतून केलेलं रेकॉर्डिंग आणि दुसऱ्या शेजाऱ्याची साक्ष लागते. अधूनमधून भुंकणं कोर्ट उपद्रव मानणार नाही. सातत्य दाखवावं लागतं. खर्च मोठा, निकालाला वर्षं लागू शकतात आणि तोवर जिन्यात रोज तोंड समोर.

म्हणून माझा कौल दाखलपूर्व, म्हणजे दावा दाखल करण्याआधीच्या, लोकअदालतीला. तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्यायचा. कोर्ट फी नाही. तडजोड झाली तर तिला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचं (निकालाचं) बळ येतं, वर अपील नाही. शेजारी आलाच नाही तर काही होत नाही, हा तिचा मोठा दोष. पण आला, तर पोलिसांच्या समजेत न मावणाऱ्या अटी लिहून घेता येतात : रात्री कुत्रा घरात, बाल्कनीचं दार बंद, सकाळ-संध्याकाळ फिरवणं, घर रिकामं असताना कुणीतरी सोबत. दिवसभर तोंड बांधा किंवा शॉकचा पट्टा घाला, असं मात्र चुकूनही मागू नका. दिवसभर एकटा, आखूड साखळीला बांधलेला कुत्रा भुंकतो तो त्रासातूनच. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्याच्या कलम ११ नुसार तसं अवाजवी काळ बांधून ठेवणं किंवा नेहमी कोंडलेल्या कुत्र्याला न फिरवणं हीच क्रूरता आहे. हा मुद्दा अर्जात पहिला लिहा; मालकालाही तो नाकारणं जड जातं.

धमकी किंवा मारहाण झाली, तर मात्र आधी पोलीस ठाणं गाठा. एरवी शेजाऱ्याने लोकअदालतीची नोटीस धुडकावली तरच दाव्याकडे वळा. तेव्हा तीच वही, तोच अर्ज आणि कमिटीच्या पत्राची पोच कामी येईल.