पार्व्होच्या पिल्लासाठी डे-ड्रिप : दिवस त्यांचा, रात्र तुमची

इंदूरच्या पश्चिम भागातल्या या दवाखान्यात पार्व्हो (उलट्या-जुलाब लावणारा विषाणूचा आजार) झालेल्या कुत्र्याच्या पिल्लांसाठी वेगळी खोली आहे. सकाळी दहाला पिल्लू सलाइनसाठी सोपवायचं, रात्री आठला घरी न्यायचं. काही तक्रारी आहेत म्हणून नाव लिहीत नाही. पण अशी सोय कुठेही घेताना काय बघायचं ते यावरून कळेल.

सगळ्यात चांगलं म्हणजे सलाइनचा हिशेब. बरेच ठिकाणी पिल्लाकडे नुसतं बघून "अर्धी बाटली" लावतात. इथे वजन गुणिले शोष, म्हणजे अंगातलं घटलेलं पाणी, असा हिशेब धरतात. तीन किलोचं पिल्लू, शोष आठ टक्के, म्हणजे 240 मिलि तूट. त्यावर रोजची गरज, किलोमागे निदान 60 मिलि, शिवाय उलटी-जुलाबात जाईल ते. दहा तासांत तूट आणि त्या वेळेपुरती गरज मिळून साधारण 315 मिलि, म्हणजे तासाला 31-32. मायक्रोड्रिप, म्हणजे बारीक थेंबांच्या, सेटमध्ये 60 थेंबांचा एक मिलि होतो, त्यामुळे मिनिटाला 31-32 थेंब मोजले की काम झालं. मोठ्या माणसांच्या साध्या सेटमध्ये हेच मिनिटाला दहा थेंब होतात. पिल्लानं पाय दुमडला की बंद, सरळ केला की धार. धार लागली तर फुप्फुसात पाणी भरतं. म्हणून सेट कोणता ते विचाराच. दवा बाजारातून स्वतः आणणार असाल तर "मायक्रो" असं स्पष्ट सांगा.

बाटलीवर पांढऱ्या चिकटपट्टीची उभी पट्टी, तिच्यावर पेनानं दर तासाची रेघ आणि खाली "केसीएल (पोटॅशियम क्लोराइड) घातलं" अशी नोंद. उलट्यांमुळे पोटॅशियम घटतं, पिल्लू मान टाकतं, आतडी सुस्तावतात; त्यामुळे ते घालणं बरोबरच. पण पोटॅशियम घातलेली बाटली कधीही जोरात सोडायची नाही, हृदय थांबू शकतं. ती नोंद नसती तर नंतर बाटली हाताळणाऱ्याला हे कळलंच नसतं. साखर ग्लुकोमीटरवर दिवसातून तीनदा बघतात. लहान पिल्लं बरेचदा साखर उतरूनच हातची जातात, म्हणून हे फार मोलाचं.

आता तक्रारी. वजनकाटा मोठ्या कुत्र्यांचा, शंभर-शंभर ग्रॅमनं सरकणारा. दोन किलोच्या पिल्लात शंभर ग्रॅम म्हणजे पाच टक्के! घरचा स्वयंपाकाचा काटा न्या आणि सकाळ-संध्याकाळ वजन त्याच्यावरच करा. दिवसभरात घटलेले शंभर ग्रॅम म्हणजे साधारण शंभर मिलि पाणी. शिवाय दवाखान्याचा काटा बाहेरच्या खोलीत आहे, लस घ्यायला आलेली पिल्लंही त्याच्यावरच चढतात. मग वेगळ्या खोलीचा उपयोग काय? फरशीला फिनाईलचा वास येतो, पण पार्व्होचा विषाणू फिनाईलला दाद देत नाही. लागतं ब्लीच : एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, रोज ताजं. आधी घाण धुऊन काढायची, मग दहा मिनिटं ओलं ठेवायचं. घाणीवरच ओतलं तर ब्लीच तिथंच संपतं.

दुसरी तक्रार उपाशी ठेवण्याची. उलटी थांबेपर्यंत तोंडानं काहीच नाही, हा जुना नियम इथे अजून चालतो. मारोपिटंट किंवा ऑन्डान्सेट्रॉननं उलटी आवरली की किलोमागे एक-दोन मिलि पातळ अन्न दर दोन तासांनी दिलेलं बरं, आतड्याचं अस्तर लवकर भरून येतं. बिनमिठाची, कांदा-लसूण न घातलेली चिकनची पेज चालते. दूध नको.

खरी अडचण रात्री आठनंतरची. कॅन्युला (शिरेत बसवलेली बारीक नळी) तशीच ठेवून, टोपण लावून पाठवतात. पंजा फुगला तर पट्टी घट्ट झालीय, ढिली करा. कॅन्युलेच्या वरची जागा फुगून गार लागली तर सलाइन शिरेबाहेर गेलंय, त्यात काहीच सोडू नका. कातडीखाली आरएल (रिंगर लॅक्टेट सलाइन) द्यायचं डॉक्टरांनी शिकवलं असेल तर एका जागी किलोमागे दहा-वीस मिलि, साखर मिसळलेलं मात्र कधीच नाही. पिल्लू गार पडलं असेल तर कातडीखालचं शोषलंच जात नाही, तेव्हा शीरच लागते. जानेवारीतल्या इंदुरी रात्री बाटलीही गारठते. नळीचा पिल्लाजवळचा भाग गरम पाण्याच्या पिशवीवरून न्या, पिशवी फडक्यात गुंडाळून.

हिरड्या पांढऱ्या, अंगाचं तापमान 99 फॅरनहाइटच्या खाली, मान टाकलेली, असं असेल तर सकाळची वाट बघू नका, आणि इंदूरबाहेरच्या महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडेही थेट निघू नका. जवळ जो डॉक्टर उघडा सापडेल तिथे सलाइन लावून, मगच पुढे.

पंधरा मिनिटांची विष्ठेची चाचणी नकारार्थी आली तरी ते रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजतात, हे आवडलं. ती चाचणी चुकते. लस दिल्यानंतर काही दिवस उगीच होकारार्थीही येते. बिल रोजच्या रोज, औषधाच्या नावासकट मिळतं. दवाखाना रविवारी अर्धा दिवसच उघडा, उरलेलं सलाइन दुसरीकडे लावावं लागलं तर हाताशी असावा म्हणून शनिवारी संध्याकाळी एक जादा मायक्रोड्रिप सेट मागून घ्या.

पाचपैकी साडेतीन.