सोलापुरी विणकरांच्या नावाने पॉलिस्टरची सॅक

इन्स्टाग्रामवर ‘सोलापूरच्या विणकरांनी हातमागावर विणलेलं सुती कॅनव्हास, पर्यावरणपूरक, आयुष्यभर मोफत दुरुस्ती’ अशी सॅक दिसली तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. माझे साडेतीन हजार गेलेत. दुकानाचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

मी रोज एसटीने सोलापूर-तुळजापूर करतो. लॅपटॉप, डबा, पाण्याची बाटली. आणि सुट्टीला तीच सॅक पाठीला मारून नळदुर्ग नाहीतर रामलिंग. त्यामुळे एकच, पण दणकट हवी होती. जाहिरातीत मागावर बसलेले आजोबा होते, पुढच्या खिशाला चादरीतला मोर होता. आपल्या गावचं नाव दिसलं की माणूस पाघळतो, आणि विकणाऱ्याला हे बरोबर ठाऊक असतं. पैसे आगाऊच भरायचे होते.

पार्सलवर पाठवणाऱ्याचा पत्ता परराज्यातल्या गोदामाचा. आतल्या टॅगवर पान-फुलांचं चित्र आणि ‘धरतीसाठी’ एवढंच. कायद्याने पॅकबंद मालावर उत्पादकाचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष हे सगळं हवं. यातलं काहीच नव्हतं.

नळदुर्गच्या किल्ल्यात पायऱ्या उतरताना उजवा पट्टा वरून सुटला. घरी आणून शिवण बघितली. पट्टा पाठीच्या कापडात जेमतेम नखाएवढा आत घेतलेला, वर एकच सरळ टीप. कडेला पायपिंग, म्हणजे कापडाची कड झाकणारी पट्टी, नाही, म्हणून धागे निसटत निसटत टीप मोकळी झालेली. बऱ्या सॅकला इथे पट्टा चांगला आत घेऊन चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई मारतात, किंवा बारटॅक, म्हणजे एकाच जागी दाट टाके, देतात. सगळा भार याच जागेवर येतो.

अशोक चौकाजवळ एक अण्णा बॅगा दुरुस्त करतात. अर्धं आयुष्य यंत्रमागावर गेलेला माणूस. त्यांनी पट्ट्याकडे बघितलंच नाही, आधी पुढचा खिसा उलटा केला.

“सर, हे छापलंय की हो. चादर अशी असते होय?”

सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर, विणली जाते, ती दोन्ही बाजूंना उमटते, फक्त रंग अदलाबदल होतात. पुढे पांढऱ्यावर लाल मोर असेल तर मागे लालवर पांढरा. घरातली कुठलीही चादर उलटून बघा. माझ्या खिशाची मागची बाजू कोरी पांढरी होती. मग अण्णांनी आतल्या कडेचा एक धागा ओढून काडी लावली. सूत कागदासारखं जळतं आणि राख बोटात भुरभुरते. हा धागा आक्रसला, वितळला, टोकाला काळा टणक मणी राहिला. “सूत नाहीच ओ यात.”

पॉलिस्टर म्हणजे वाईट, असं माझं म्हणणं नाही. बाटल्यांच्या प्लास्टिकपासून केलेल्या पॉलिस्टरच्याही टिकाऊ सॅक मिळतात. पावसात तर ते कॅनव्हासपेक्षा लवकर वाळतं. पण मग तसं सांगून विका ना.

दुकानाला फोटो पाठवले तर सूर बदलला. आता ते ‘पुनर्वापर केलेलं पॉलिस्टर’ झालं, आणि ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड या पुनर्वापराच्या मालासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या प्रमाणपत्राची पीडीएफ आली. त्यावर नाव भलत्याच कंपनीचं. शिवाय ते स्कोप सर्टिफिकेट होतं. त्याचा अर्थ एवढाच की त्या कारखान्याला असा माल करण्याची मान्यता आहे. ठरावीक माल खरोखर तसाच आहे हे ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेटवरून कळतं. ते मागितलं तर उत्तर नाही. आयुष्यभराच्या दुरुस्तीचं विचारलं तर ‘झीज त्यात येत नाही, कुरिअरचा खर्च तुमचा’. पुढे व्हॉट्सअॅपवर ब्लॉक.

मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ऑनलाइन विक्रीच्या 2020 च्या नियमांप्रमाणे विक्रेत्याने तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. मला पोचही आलेली नाही. ‘पर्यावरणपूरक’ असले मोघम शब्द पुराव्याशिवाय वापरू नयेत, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये काढली आहेत. तक्रारीत त्यांचाही उल्लेख केलाय. हेल्पलाइनवर नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, आणि दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. साडेतीन हजारांसाठी कोण एवढं करतं, यावरच या लोकांचा धंदा चालतो.

पट्टा अण्णांनी शंभर रुपयांत पक्का करून दिला. ते खातं आता बंद दिसतं, पण तेच आजोबा आणि तोच मोर दुसऱ्या नावाच्या खात्यावर आलेत, किंमत पाचशेने कमी. तुमच्याकडे ही सॅक आली असेल तर पार्सलवरचं स्टिकर फाडू नका आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. माझ्याकडचे निम्मे फोटो खातं बंद झाल्यावर उघडेनात.